वर्गातली इंग्रजी, मोठ्या सुट्टीतली इंग्रजी

नॉर्वेतल्या नववी-दहावीच्या मुलांना दोन इंग्रजी येतात. एक वर्गातली, जी बोलण्यापेक्षा टाळण्याकडेच त्यांचा कल असतो. दुसरी रात्रीची, हेडफोन लावून पोलंडमधल्या कुठल्याशा अनोळखी मुलावर खेळात ओरडण्याची. पहिलीत 'ही हॅव अ डॉग' अशा चुका होतात, वाक्य मध्येच अडतं, एखादा नॉर्वेजियन शब्द आधाराला धावून येतो आणि मान खाली जाते. दुसरीतल्या चुका कुणी मोजत नाही. मोठ्या सुट्टीत या दुसऱ्या इंग्रजीचे तुकडे नॉर्वेजियनमध्ये मिसळून शाळेच्या आवारभर ऐकू येतात, आणि लगेच पुढचा तास इंग्रजीचा असला तर त्याच तोंडांना कुलूप.

मी ट्रॉन्डहाइमला राहते. इथल्या एका वाचनालयात संध्याकाळी शाळकरी मुलांना गृहपाठात मदत करायला स्वयंसेवक बसतात. 'लेक्सेयेल्प' म्हणतात त्याला. त्यात मीही असते. गणित आणि इंग्रजी माझ्याकडे. मुलं आठवी ते दहावीची, म्हणजे इथल्या 'उंगडोम्सस्कूले'तली. गृहपाठ व्हायचा तेवढा होतो. माझा खरा उद्योग ऐकण्याचा.

समजा चार मुलं एका टेबलाभोवती बसून रोझा पार्क्सवर सादरीकरण तयार करताहेत (अमेरिकेतली नागरी हक्कांची चळवळ हा इथल्या इंग्रजीच्या पुस्तकांचा फार लाडका विषय). पडद्यावरच्या स्लाइड इंग्रजीत आहेत. कुणी काय बोलायचं, फोटो कुठला टाकायचा, कुणाचा फॉन्ट भिकार आहे, ही सगळी चर्चा नॉर्वेजियनमध्ये. आणि त्या नॉर्वेजियनमध्ये पुन्हा इंग्रजी पेरलेली: 'ब्रो', 'लिटरली', 'रॅन्डम', 'क्रिंज'. म्हणजे जी भाषा शिकायची आहे ती कागदावर, आणि जी शिकवावी लागत नाही ती जिभेवर. दोन्हींचं नाव एकच.

कान देऊन ऐकलं की या मिसळीतही शिस्त दिसते. वाक्याचा सांगाडा नॉर्वेजियनचाच राहतो, इंग्रजी शब्द त्यात बसायला येतो आणि येताना इथले प्रत्यय अंगावर चढवतो. 'चिल', 'गेम', 'घोस्ट' या शब्दांचं इथे थेट क्रियापद होतं आणि भूतकाळी 'चिल्ला', 'गेमा', 'घोस्टा' अशी रूपं होतात. आपण मराठीत असं करत नाही. आपण 'चिल करतो', 'घोस्ट करतो', म्हणजे परक्या शब्दाला हात न लावता शेजारी 'करणे' आणून बसवतो. भाषाशास्त्रज्ञ याला चौकटीची भाषा आणि आत येणारी भाषा असं म्हणतात. चौकट कुणाची आहे हे मुलांना कुणी शिकवलेलं नसतं, पण ती कधी चुकत नाहीत.

उलट दिशेने, इंग्रजी बोलताना नॉर्वेजियन शिरते ती वेगळ्या वाटेने. पहिल्यांदा निसटतात ते बिनवजनाचे शब्द. 'लिकसॉम' म्हणजे आपलं 'म्हणजे असं बघ'. 'इक्के सान्त' म्हणजे 'हो की नाही'. इंग्रजी वाक्य ठाकठीक चाललेलं असतं आणि मध्येच 'लिकसॉम' येतं. मुलाला ते ऐकूही येत नाही. मग येते शब्दांची जागा. नॉर्वेजियनमध्ये वाक्यात क्रियापद दुसऱ्या क्रमांकावर बसतं, आधी काहीही येवो. म्हणून 'काल मी गेलो' हे इंग्रजीत 'यस्टरडे वेन्ट आय' होऊन बाहेर पडतं. क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलायची सवय तर नॉर्वेजियनला मुळीच नाही. मी, तू, तो, ते, सगळ्यांना एकच रूप. मग 'ही हॅव' म्हणताना मुलाच्या मनाला खटकणार तरी काय? आणि इथल्या एका नामांकित रॅली ड्रायव्हरच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य देशभर पाठ आहे: 'इट्स नॉट ओन्ली ओन्ली, बट बट.' नॉर्वेजियनमध्ये ते अगदी घरगुती वाक्य आहे, 'तेवढं सोपं नाही, पण चालायचंच' अशा अर्थाचं. इंग्रजीत ते अर्थाला पारखं होतं, आणि लोक त्यावर प्रेमाने हसतात. स्वतःवर हसतात, हे महत्त्वाचं.

इंग्रजी इथे 1969 पासून सक्तीच्या नऊ वर्षांच्या शाळेचा भाग आहे, आणि 1997 च्या सुधारणेत मुलं सहाव्या वर्षी शाळेत जाऊ लागली तेव्हापासून ती पहिलीपासून शिकवली जाते. अभ्यासक्रमात तिला 'परकीय भाषा' या खान्यात टाकलेलं नाही. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश या परकीय; इंग्रजीचं पान वेगळं. शिवाय अगदी लहान मुलांचे कार्यक्रम सोडले तर दूरचित्रवाणीवर आवाज बदलत नाहीत, खाली अक्षरं येतात. त्यामुळे वाचायला लागलेलं मूल इंग्रजी ऐकत आणि नॉर्वेजियन वाचत मोठं होतं. कान एका भाषेत, डोळे दुसऱ्या भाषेत. मला वाटतं, अदलाबदलीची पहिली शिकवणी तिथेच लागते, आणि तीही सोफ्यावर पाय पसरून.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती 2000 साली. नॉर्वेनंतर तीनच वर्षांनी. तारखा पाहिल्या तर आपण अगदी बरोबरीने निघालो होतो. पण यावर नंतर येते.

आधी एक योगायोग सांगायला हवा. मी मूळची मिरजेची. रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही गेजांच्या गाड्या जिथे एकेकाळी एकत्र येत, त्या जंक्शनची. आपल्या भाषेचा सांधा बदलताना खडखडाट होतो की नाही, हे कुतूहल मला तिथूनच लागलं असावं. ट्रॉन्डहाइमला आल्यावर या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागले तेव्हा कळलं, की कोड-स्विचिंगच्या, म्हणजे बोलता बोलता एका भाषेतून दुसरीत जाण्याच्या, अभ्यासात ज्या लेखाचं नाव घेतल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, तो नॉर्वेतल्या एका छोट्या गावावर आहे: नॉर्लान जिल्ह्यातलं हेम्नेसबर्गे. 1972 चा लेख, यान-पेटर ब्लोम आणि जॉन गम्पर्ट्झ यांचा. आणि याच गम्पर्ट्झने रॉबर्ट विल्सनबरोबर त्याच्या आदल्याच वर्षी, 1971 मध्ये, जो दुसरा गाजलेला लेख लिहिला तो कुपवाडवर. आमचं कुपवाड! सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतलं. ज्या गावाला आम्ही एमआयडीसीपलीकडे फारसा भाव दिला नाही, त्याच्यावर जगभरचे भाषाशास्त्राचे विद्यार्थी टिपणं काढतात.

कुपवाडात तेव्हा शेतकरी जैन आणि लिंगायतांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, इतर अनेकांच्या घरी मराठी, आणि थोडी तेलुगूही. शतकानुशतकं शेजार. दिवसभर एकमेकांशी व्यवहार. घरची भाषा कुणी सोडली नाही, पण रोजच्या अदलाबदलीत त्या भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलं, की 'पाला जरा कापून घेऊन आलो' हे वाक्य तिथल्या मराठीत, उर्दूत आणि कन्नडमध्ये एकाच साच्यातून निघतं. फक्त शब्द बदलायचे. मिरजेच्या भाजीबाजारात वाढलेल्या कुणालाही हे वाचून नवल वाटणार नाही. मला नवल वाटलं ते गम्पर्ट्झ कृष्णाकाठाहून थेट आर्क्टिक वर्तुळाच्या काठावर पोचला याचं.

हेम्नेसबर्गेत ब्लोम आणि गम्पर्ट्झ यांना काय दिसलं? गावची बोली आणि प्रमाण बोकमाल (म्हणजे पुस्तकी नॉर्वेजियनचं एक रूप), या दोहोंत लोक ये-जा करतात, आणि ती ये-जा शब्द अडल्यामुळे होत नाही. नगरपालिकेच्या कचेरीत माणूस खिडकीशी जातो, घरच्यांची ख्यालीखुशाली बोलीत होते, आणि कागदपत्रांचं काम निघालं की दोघेही प्रमाण भाषेत येतात. शिक्षक धडा प्रमाण भाषेत सांगतात. पोरांनी मोकळेपणी बोलावं असं वाटलं की बोलीत उतरतात. शहरात कॉलेजला गेलेली गावची मुलं सुट्टीला आली तेव्हा त्यांच्या गप्पा ध्वनिमुद्रित केल्या. त्यांना वाटत होतं आपण अस्सल गावचं बोलतोय. फीत ऐकवल्यावर कळलं, विषय देशाच्या राजकारणाकडे वळला की भाषा हळूच प्रमाणाकडे सरकत होती. त्यांना धक्का बसला.

पुढे आमच्याच ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातल्या ब्रित मेह्लुम यांनी या लेखावर बोट ठेवलं: बोली आणि प्रमाण अशा दोन स्वच्छ, वेगळ्या पेट्या प्रत्यक्षात होत्या का? माणसं पेट्या बदलत नव्हती, एका लांब उतारावर वरखाली सरकत होती. मला हा आक्षेप पटतो. माझ्या टेबलावरच्या मुलांचं 'क्रिंज' आता इंग्रजी आहे की नॉर्वेजियन? त्यांना विचारलं तर ती माझ्याकडे दयेने बघतात.

आणखी एक धागा आहे. इंग्रजी-नॉर्वेजियन मिसळीचा पहिला मोठा अभ्यास नॉर्वेत झालाच नाही. तो अमेरिकेत झाला. 1825 साली स्टाव्हांगरहून पहिलं जहाज निघालं आणि पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास नॉर्वेजियन तिकडे गेले. मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या शेतांवर त्यांच्या बोलण्यात कुंपणाला, शेताला इंग्रजी शब्द आले आणि नॉर्वेजियन लिंग-प्रत्यय घेऊन राहिले. शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली: ही कसली धेडगुजरी भाषा! आयनार हाउगेन हे याच स्थलांतरितांच्या घरातले. आयोवात जन्म, आईवडील आमच्या दक्षिणेच्या डोंगरातल्या ऑपडालचे. त्यांनी 1953 मध्ये दोन खंडांचा अभ्यास छापला आणि दाखवून दिलं, की ही मिसळ म्हणजे आळस नव्हे, तिला नियम आहेत. आज जी पोरं ट्रॉन्डहाइममध्ये 'ब्रो, दे एर सिक' म्हणतात, त्यांचे चुलत पणजोबा विस्कॉन्सिनमध्ये हेच करत होते. फक्त तिकडे पोटासाठी आणि इकडे हौसेने.

आता मुलांकडे परत. या मुलांना अदलाबदल इतकी सोपी का जाते, याचं उत्तर मी आधी इंटरनेटमध्ये शोधत होते. आता वाटतं, इंग्रजी येण्याच्या आधीच त्यांचा हात बसलेला असतो. नॉर्वेजियनला बोलण्याचं अधिकृत प्रमाण रूपच नाही. लिहिण्याची मात्र दोन आहेत, बोकमाल आणि नीनोर्स्क, आणि शाळेत दोन्ही शिकावी लागतात. नीनोर्स्कबद्दल ट्रॉन्डहाइमच्या मुलांची मतं इथे छापण्यासारखी नाहीत. बोलायचं ते आपापल्या बोलीत: घरी, वर्गात, बातम्या देताना, संसदेतही. 1878 सालीच संसदेने ठराव केला, की शिक्षण शक्यतो मुलांच्या स्वतःच्या बोलीत व्हावं. 1878! आपल्याकडे आजही एखादं पोर वर्गात 'नव्हतं'ला 'नव्हतं' न म्हणता घरच्यासारखं बोललं की बाकं हसतात. इथलं पोर शिक्षकांशी 'ॲ' म्हणतं, वहीत 'यै' लिहितं, मित्राला मेसेजमध्ये पुन्हा 'ॲ' टाइप करतं. सगळ्यांचा अर्थ 'मी'. दिवसातून शंभरदा हा उंबरठा ओलांडणाऱ्याला इंग्रजीचा उंबरठा तो काय!

जाता जाता एक विषयांतर. 1951 च्या जुलैपासून नॉर्वेने सरकारी हुकमाने आकडे म्हणायची पद्धत बदलली. 'पाच आणि वीस' सोडून 'वीस-पाच' म्हणा, असा निर्णय. टेलिफोनचे नंबर सांगताना घोळ होत होता म्हणून. सत्तर वर्षं उलटली तरी आज्या जुनंच म्हणतात आणि नातवंडंसुद्धा वय सांगताना कधीकधी आज्यांच्या पद्धतीत जातात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा महाराष्ट्रात जो गदारोळ झाला, तो मी इथून मोबाइलवर पाहत होते. शेजारच्या नॉर्वेजियन आजींना सांगितलं तर म्हणाल्या, 'अजून तुमची सत्तर वर्षं व्हायचीत.'

तर मग वर्गात कुलूप का? मुलांना विचारलं तर सरळ उत्तर मिळतं: तिथे सगळे ऐकतात. गेममध्ये समोरचा पोलिश असतो, त्याचीही इंग्रजी उसनीच. वर्गात समोर तीच पंचवीस तोंडं, ज्यांच्याशी आपण रोज ट्रॉन्डहाइमच्या बोलीत बोलतो. त्यांच्यासमोर अचानक झोकात इंग्रजी झाडायची म्हणजे नाटक वाटतं. फार चांगली बोललो तर मिरवतोय, वाईट बोललो तर हसं. इथे 'फ्लिंक', म्हणजे हुशार, असणं चालतं. दिसणं फारसं चालत नाही. उच्चारांचंही तेच. ओस्लोच्या उल्रिक्के रिन्दाल यांच्या संशोधनात दिसलं, की मुलं अमेरिकन किंवा ब्रिटिश ढंग निवडताना आपण कोण दिसू याचा हिशेब करतात, आणि काही जण मुद्दाम दोन्हीपासून लांब, कुणाचाच नसलेला ढंग धरतात. एका मुलीने मला विचारलं होतं, 'ब्रिटिश बोलले तर मी राणीसारखी वाटते का?' तेव्हा राणी हयात होती.

अशा वेळी नॉर्वेजियन शब्द मध्ये आला की शिक्षकाला वाटतं, मुलाला शब्द आठवला नाही. कधी खरंच आठवलेला नसतो. पण पुष्कळदा त्या एका शब्दाने मुलगा बाकीच्या वर्गाला सांगत असतो, की घाबरू नका, मी तुमच्यातलाच आहे. हेम्नेसबर्गेच्या कचेरीतली ख्यालीखुशालीच ती.

खेळांचं मात्र नीट पाहायला हवं, कारण पालक मंडळी खेळांवर सरसकट राग काढतात. दर ईस्टरला हामारच्या 'व्हायकिंगशिपे' या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या प्रचंड सभागृहात हजारो पोरं आपापले संगणक घेऊन जमतात आणि दिवसरात्र खेळतात. हा मेळा 1992 पासून चालू आहे. ओस्लो विद्यापीठातल्या लिस्बेत ब्रेविक यांना व्यावसायिक शाखेत काही मुलं अशी सापडली, जी मातृभाषेत वाचायला कच्ची आणि इंग्रजीत वाचायला पक्की होती. शोध घेतला तर मागे तासन्‌तास खेळलेले गेम. शाळेच्या दृष्टीने मागे पडलेली पोरं ही! त्याची दुसरी बाजूही आहे. ग्लेन ओले हेल्लेक्यार यांनी 2005 मध्ये दाखवलं, की विद्यापीठात इंग्रजी पाठ्यपुस्तकं समोर आली की बऱ्याच नॉर्वेजियन विद्यार्थ्यांना ती जड जातात. गप्पांची इंग्रजी आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकाची इंग्रजी यांच्यात मोठी दरी आहे, आणि फडाफडा बोलणाऱ्या मुलाला ती आहे हे सांगूनही पटत नाही. माझ्या टेबलावर तर मुळीच नाही.

इंग्रजीकडे वळण्याचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे तिला वजन नाही. नॉर्वेजियन शिव्या सैतान आणि नरक यांच्या भोवती फिरतात आणि आजीच्या कानाला त्या अजून लागतात. इंग्रजीतली सगळ्यात जहाल शिवी मात्र आठवीतली पोरं पेन्सिल पडली तरी घालतात. तीच गत प्रेमाची. नॉर्वेजियनमध्ये 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे भारदस्त, जपून वापरायचं वाक्य. 'लव्ह यू' मात्र बसमधून उतरता उतरता मैत्रिणीला म्हणता येतं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. मराठीत ते पूर्ण वाक्य आयुष्यात किती जणांनी उच्चारलं असेल?

आता ते मागे ठेवलेलं. 1997 आणि 2000. इतक्या जवळजवळ निघून आपण वेगळ्या ठिकाणी का पोचलो? शिक्षक, वेतन, वर्गातली गर्दी, ही उत्तरं खरीच आहेत. पण मला खुपतं ते दुसरंच. इथे बहुतेक सगळी मुलं सरकारी शाळेत जातात, एकाच भाषेत शिकतात आणि सगळ्यांना तीच इंग्रजी मिळते: सुताराच्या मुलाला, सर्जनच्या मुलीला. त्यामुळे बोलता बोलता कुणी इंग्रजीत शिरला तर त्यावरून त्याचं वय कळतं, तो कुठला गेम खेळतो ते कळतं. बापाचा पगार कळत नाही. आपल्याकडे एका 'ॲक्च्युअली'च्या उच्चारावरून शाळेचं माध्यम, आणि माध्यमावरून घर ओळखलं जातं. मिरजेत आमच्या वर्गातली मुलं पुण्याला मुलाखतीला जाताना जी भीती घेऊन जात, ती चुकीच्या क्रियापदाची नव्हती. आपण सांधा बदलतो तेव्हा बहुतेक वेळा वर चढायला बदलतो. ही पोरं बाजूला जायला बदलतात. कोड-स्विचिंगवर आपल्याकडे जो संताप होतो, 'धड मराठी नाही, धड इंग्रजी नाही' हा, त्याचा रोख भाषेवर असतो पण कारण त्या शिडीत असतं, असं माझं मत आहे.

नॉर्वेतही काळजी करणारे आहेत. 2022 च्या जानेवारीपासून भाषेचा कायदा लागू झाला आणि नॉर्वेजियन ही राष्ट्राची मुख्य भाषा म्हणून तिची जबाबदारी सरकारी संस्थांवर आली. विद्यापीठांत, कंपन्यांत इंग्रजी पसरते आहे हे खरंच आहे. नॉर्वेजियन आणि डॅनिश पोरं एकमेकांशी आपापल्या भाषेत न बोलता सरळ इंग्रजीत बोलतात, हे ऐकून इथल्या जुन्या माणसांच्या पोटात कालवतं. पण याच भाषेने उत्तरेत सामी या तिथल्या मूलनिवासी लोकांच्या मुलांवर शंभराहून अधिक वर्षं शाळेतून काय लादलं, त्याचा अहवाल 2023 मध्ये संसदेसमोर आला. त्या मुलांनी भाषा बदलली नव्हती, त्यांची भाषा बदलवली गेली होती. इंग्रजीच्या लाटेबद्दलचे अग्रलेख वाचताना मला ते आठवतं.

आमच्या मराठी घरांतलीही गंमत सांगते. इथल्या मराठी बायका फोनवर बोलतात ते असं: 'अगं, शनिवारी दुग्नाद आहे ना, मग मातपाक्के काय द्यायचा पोरांना?' दुग्नाद म्हणजे सोसायटीच्या सगळ्यांनी मिळून करायची साफसफाई. मातपाक्के म्हणजे पावाचा कोरडा डबा, ज्याला डबा म्हणायला आमचा जीव धजत नाही. चौकट मराठीच. सासूबाई इथे राहायला आल्या की चौथ्या दिवशी त्याही 'दुग्नाद' म्हणायला लागतात, आणि सांगलीला परतल्यावर अपार्टमेंटच्या सभेत तो शब्द वापरून सेक्रेटरींना बुचकळ्यात टाकतात.

वर्गाबद्दल शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड. 2020 चा अभ्यासक्रम म्हणतो, की इंग्रजी शिकताना विद्यार्थ्याने त्याला येत असलेल्या इतर भाषांचाही उपयोग करावा. 'तासाला फक्त इंग्रजी' हा जुना कडकपणा त्यामुळे सैल झाला. चांगलं झालं, घरची भाषा दाराबाहेर ठेवायला लावली की मुलं गप्प बसतात, इंग्रजी होत नाहीत. शिक्षकही आता मोकळेपणी वळतात: कठीण शब्द नॉर्वेजियनमध्ये सांगतात, 'उद्या सहलीला गरम मोजे आणा' हे तर नॉर्वेजियनमध्येच. पण या मोकळेपणात एक गृहीत दडलेलं आहे, की आधाराची भाषा सगळ्यांना येते. 2022 पासून वर्गावर्गात युक्रेनची मुलं आली, त्याआधी सीरियाची, एरिट्रियाची. इंग्रजी शब्द अडला म्हणून शिक्षिका नॉर्वेजियन शब्द देतात, आणि त्या मुलाचे आता दोन शब्द अडतात.

आणि सुट्टीत याच्या उलट. नवख्या मुलाशी नॉर्वेजियन मुलं चटकन इंग्रजीत बोलतात. सौजन्य असतं ते. दुकानात, डॉक्टरकडे, बसमध्ये आम्हा सगळ्यांनाच याचा अनुभव: आपण धडपडत नॉर्वेजियन वाक्य जुळवावं आणि समोरून गोड हसून इंग्रजी उत्तर यावं. दार उघडं ठेवून आत मात्र घ्यायचं नाही, अशातला प्रकार. इंग्रजीने त्यांचं काही जात नाही. आपलं मात्र नॉर्वेजियन बोलायचं राहून जातं.

माझ्या टेबलावर युक्रेनची एक नववीतली मुलगी येते. शेजारी बसणारी दोन मुलं तिच्याशी इंग्रजीतच बोलायची, ती नॉर्वेजियनमध्ये उत्तर द्यायची, तीही पुस्तकी: प्रत्येक वाक्य 'यै'ने सुरू. महिनोन्‌महिने हा सामना असाच चालला. मग हिवाळ्यात कधीतरी, फुटबॉलवरून वाद चालू असताना, तिच्या तोंडून 'यै'ऐवजी 'ॲ' निघालं, ट्रॉन्डहाइमचं, थोडं जास्तच लांबवलेलं. त्या दोघांपैकी एकाने तिला बोलीतच उलट उत्तर दिलं आणि भांडण पुढे चालू राहिलं. तेव्हापासून तिघांची भाषा तीच. परिणाम एवढाच, की आता त्या टेबलावर इंग्रजी बोलायला कुणी उरलेलं नाही, आणि मंगळवारी द्यायचा इंग्रजीचा निबंध सोमवारी संध्याकाळी सातलाही कोराच असतो.